जुन्या खुर्चीचं पॉलिश आणि आपली अहिंसा



चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवूनच आपली माणसं मंदिरात जातात. रेशमी साडी नेसून पूजेला बसावं की नाही, यावर दर पर्वात बोलणं होतं. लाखेच्या बांगड्या तर आपल्यातल्या कितीतरी जणी हातातही धरत नाहीत. पण ज्या खुर्चीवर बसून घरातली मोठी माणसं जाप देतात, स्वाध्याय करतात, तिला पॉलिश कशाचं आहे, गादीत काय भरलं आहे, सांधे कशाने चिकटवले आहेत, हे आपण विचारत नाही. आमच्या घरात हा प्रश्न या वैशाखात आला. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे आला.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. माझे मिस्टर म्हणाले, परभणीहून चांगली मऊ खुर्ची आणू. आईंनी मान हलवली. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी नेमगिरीच्या डोंगरावर परिग्रह परिमाण घेतलं आहे. आम्ही जिंतूरचे, त्यामुळे नेमगिरी आम्हाला घरच्या अंगणासारखी. त्यांच्या वहीत त्यांच्या खोलीतल्या वस्तू लिहिलेल्या आहेत: एक पलंग, एक कपाट, एक चौरंग, एक खुर्ची.

"खुर्ची एक लिहिलीय ना? मग ती आहे की माडीवर. दुसरी कशाला?"

माडीवरची ती खुर्ची आजेसासऱ्यांच्या काळातली. पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन-तीन वर्षांत घेतली, असं घरात सांगतात. म्हणजे १९५०च्या आसपासची. सागवानी, दोन हातांची, बसायला आणि पाठीला गादी. सासरे हयात असेपर्यंत रोज दुपारी तिच्यातच बसायचे. पाठीच्या कापडावर त्यांच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा तळहाताएवढा काळपट डाग, हातांवर घामाने चढलेला चिकट थर, डाव्या हातावर चहाच्या पेल्याचं पांढरं कडं, आणि बसायची गादी मधोमध खचलेली. हलवली की कुरकुरायची.

वेळ मोजकाच होता. आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास लागतो. पावसाळ्यात ओल येते, लाकडात, कापसात, कापडात जीव पडतात. असलं उघडं-वाघडं काम तेव्हा काढू नये. जे करायचं ते उन्हाळ्यातच करून मोकळं व्हायचं. आपल्याकडच्या उन्हाला आपण कितीही नावं ठेवली, तरी अशा कामाला ते फार उपयोगी.

आधी पाहणी, मग पाणी

खुर्ची खाली आणल्यावर लगेच ओला फडका लावला नाही. आधी सावलीत उलटी करून मऊ कुंच्याने हलक्या हाताने झाडली. गादीच्या खालच्या बाजूला कोळ्यांची जाळी होती. कोळी कागदावर घेऊन बाहेर कुंडीत सोडले. यत्नाचार म्हणतात तो हाच. जीव आहे का ते पाहणं आधी, स्वच्छता नंतर. खुर्ची थेट उन्हात टाकली असती, तर आत जे होतं ते तिथेच भाजलं असतं. ऊन दाखवायचं ते रिकाम्या झालेल्या लाकडाला.

मागच्या पायाला बारीक भोकं दिसली. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांची. ती जुनी की चालू, हे कळायला सोपा उपाय आहे. भोकातली भुकटी टिचक्या मारून झाडायची, पायाखाली गडद रंगाचा कागद अंथरायचा आणि आठ-दहा दिवस खुर्ची हलवायची नाही. कागदावर पिठासारखी ताजी भुकटी पडली तर आत जीव आहे. आमच्या कागदावर काही पडलं नाही. भोकं जुनीच होती. तो कागद बघायला आई रोज सकाळी मंदिरातून आल्या की थेट ओसरीवर यायच्या. दहाव्या दिवशी म्हणाल्या, "झालं. आता हात लाव."

गादीच्या आत काय होतं

गादी उसवायला आमचे नेहमीचे पिंजारी चाचा आले. वरचं कापड निघालं, खाली गोणपाट, त्याखाली कापूस, आणि सगळ्यात खाली काथ्या. कापूस पिवळा पडून गोळे झालेला, पण आपल्या भागातलाच असणार. सेलू, मानवतचा कापसाचा बाजार तेव्हाही होता. आपण त्यातच वाढलो. इथवर काही अडचण नव्हती.

बसायच्या गादीच्या पुढच्या काठाला मात्र जाड गोल गोट होता. त्यात काळे, कुरळे, चिवट धागे भरलेले. मला आधी काथ्याच वाटला. चाचांनी बोटांनी चोळून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हा काथ्या नाही वाटत."

शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यायचा. काथ्या, ताग, कापूस हे झाडाचं असतं. ते कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. केस असेल तर तो आक्रसतो, टोकाला काळी गुठळी होते आणि केस जळल्याचा वास येतो. तो वास कुणाला सांगावा लागत नाही. आमचा धागा आक्रसला. पूर्वी चांगल्या खुर्च्यांच्या गाद्यांत घोड्याचे केस भरायचे. लवचिक असतात, बसून बसून दबत नाहीत. म्हणून सत्तर वर्षांनी सगळी गादी खचली होती, पण तो काठ तेवढा ताठ होता.

मी आईंकडे पाहिलं. याच खुर्चीत सासऱ्यांनी कितीतरी माळा ओढल्या होत्या. आईंना वाईट वाटेल, असं मला वाटलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना ठाऊक नव्हतं. तुला आता ठाऊक झालंय. म्हणून काम तुझं."

केस परसात खड्डा करून पुरले. काथ्या धुऊन कडक उन्हात वाळवला आणि पिंजून परत वापरला, कारण तो अजून चांगला होता. कापूस नवा घेतला. चाचांनी काठाचा गोट काथ्याचाच घट्ट वळून केला. केसाइतका तो टिकणार नाही, दहा-बारा वर्षांनी पुन्हा भरावा लागेल. भरू.

सांधे आणि सरस

कुरकुर सांध्यांची होती. जुन्या फर्निचरचे सांधे सरसाने चिकटवलेले असतात. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला डिंक. सुतार तो तापवून लावायचे. आपल्या देशात सुतारकामात पांढरा कृत्रिम डिंक रूढ झाला तो नंतर. फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. त्यामुळे तुमच्या घरची खुर्ची, कपाट किंवा देव्हाऱ्याचा चौरंग त्याआधीचा असेल, तर त्यात सरस असण्याची शक्यता जास्त.

सरसाचा एक गुण आपल्या कामाचा आहे. तो कोमट पाण्याने सुटतो. सुतारमामांनी गाळलेलं कोमट पाणी फडक्याने सांध्यांवर धरलं, तासाभरात सैल सांधे हाताने निघाले. जुना थर खरवडून काढणं फार जरुरीचं, कारण सरसाच्या थरावर नवा पांढरा डिंक धरत नाही. खरवडून, वाळवून, नवा डिंक लावून मामांनी खुर्चीला सुतळीचा वेढा दिला आणि त्यात काठी घालून पीळ भरला. एक रात्र आणि एक दिवस तशीच ठेवली. कुरकुर बंद.

जे सांधे घट्ट होते ते मात्र आम्ही उघडले नाहीत. यावर घरात बोलणं झालं. माझी मुलगी म्हणाली, सरसच काढायचा तर सगळाच काढू. मामा म्हणाले, घट्ट सांधा फोडला तर लाकूड फाटेल. मग पाय नवा करावा लागेल, म्हणजे आणखी एक झाड. हे बोलणं पॉलिशपाशी पुन्हा निघालं.

पॉलिश म्हणजे लाख

आपण ज्याला स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतो, ते चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात. लाख हा झाडाचा डिंक नाही. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे हजारोंनी चिकटतात, रस शोषतात आणि अंगातून राळ सोडतात. त्या राळेच्या कवचातच त्यांचं सगळं आयुष्य जातं. फांद्या तोडून ते कवच खरवडतात, कुटतात, धुतात, वितळवतात, तेव्हा चपडा तयार होतो. किडे आणि अंडी त्यातच जातात. झारखंड, छत्तीसगडमध्ये हा मोठा धंदा आहे. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेसाठी संशोधन संस्थाही निघाली. तिथल्या आदिवासी कुटुंबांचं पोट त्यावर चालतं, हेही खरं. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. आपल्याला आपलं ठरवायचं आहे.

आपल्या आचार्यांनी आणि पंडितांनी हे फार आधी ठरवलं होतं. पंडित आशाधरांच्या तेराव्या शतकातल्या सागारधर्मामृतात श्रावकाने टाळायच्या पंधरा खरकर्मांची यादी आहे. त्यात लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार आहे आणि केशवाणिज्यही आहे. यादीतला केशवाणिज्याचा अर्थ वेगळा, तो केस असणाऱ्या जीवांच्या विक्रीचा. पण लाख तर सरळ लाखच. हीच लाख गोळ्या-चॉकलेटांवर चकाकी आणायलाही वापरतात. वेष्टनावर ई ९०४ असं लिहिलेलं असतं, तेवढं बघत जा.

आपल्या खुर्चीला लाखेचंच पॉलिश आहे का, हे घरी तपासता येतं. खालच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट दाबून धरायचा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसाला तपकिरी रंग आला, तर लाख आहे. आमच्या खुर्चीला होती.

मुलीचा प्रश्न परत आला: मग सगळी घासून काढायची का? दोन दिवस यावर विचार केला. ज्या जिवांची लाख होती ते सत्तर वर्षांपूर्वी गेले. खुर्ची घासून कोरी केली म्हणून त्यांचं काही परत येणार नव्हतं. नवा हात लाखेचा दिला असता, तर मात्र आज नव्याने हिंसा विकत घेतली असती. आईंनी एका वाक्यात मिटवलं, "झालं त्याला आपला इलाज नाही, नवं घालू नको." म्हणून जिथे पॉलिश धड होतं तिथे ते फक्त पुसून ठेवलं. घट्ट सांध्यांतला सरस राहिला तोही याच न्यायाने.

डाग कसे काढले

हातांवरचा चिकट थर: गाळलेल्या कोमट पाण्यात रिठ्याचं थोडं पाणी, त्यात फडका बुडवून अगदी घट्ट पिळायचा. लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. लाकडावर पाणी उभं राहता कामा नये. तीन-चार वेळा केल्यावर फडका काळा यायचा थांबला.

चहाच्या पेल्याचं पांढरं कडं: ते वाफेच्या ओलीने लाखेच्या थरात पडतं, लाकडात नाही. मऊ फडक्यावर थेंबभर तेल आणि चिमूटभर खूप बारीक राख घेऊन हलकं चोळलं. जवळजवळ गेलं. जोर लावला तर थरच निघतो, म्हणून थांबत थांबत.

खिळ्यांभोवतीचे काळे ठिपके: लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग होतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा क्षार घालून पूर्वी शाई करायचे, तीच गंमत. गंजलेले खिळे काढले आणि लिंबाचा रस लावून पुसला. ठिपके फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. याहून जालीम औषध दुकानात मिळतं, पण ते विषारी असतं. लहान मुलांच्या घरात मी ते आणत नाही.

डोकं टेकायच्या लाकडी पट्टीवरचं तेल: मुलतानी मातीची कोरडी पूड दाबून रात्रभर ठेवायची, सकाळी झाडायची. पाच रात्री केलं. पूड रोज थोडी पिवळी व्हायची. डाग निम्मा उतरला.

जिथे पॉलिश पार झिजलं होतं, म्हणजे हातांची टोकं आणि पुढची पट्टी, तिथे १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या काचपेपरने रेषेच्या दिशेने घासलं. त्या उघड्या लाकडाला जवसाचं तेल. आपल्या भागात जवस पिकतं, घाणीचं ताजं तेल मिळतं. हे तेल हवेतल्या प्राणवायूने घट्ट होऊन लाकडात बसतं. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल बसत नाही, ते चिकट राहतं आणि खवट होतं. पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं, चार-पाच दिवस वाळू द्यायचं आणि मग दुसरा हात. असे तीन हात दिले. पॉलिश शाबूत असलेल्या भागावर तेल मुरत नाही, म्हणून तिथलं पुसून टाकलं. मेण लावायचं नाही हे ओघानेच आलं, कारण बाजारात मिळणारं लाकडाचं मेण बहुधा मधमाश्यांचं असतं.

एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सुटते आणि बोळा केलेला फडका आपोआप पेटू शकतो. आपल्या वैशाखात तर नक्कीच नको. फडका दोरीवर मोकळा पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. इतकं जपून काम करायचं आणि शेवटी आग लागायची, असं व्हायला नको.

कापड

रेशीम नाही, चामडं नाही. रेक्झिन घाम धरतं. नांदेडला खादीचं केंद्र आहे, जिथे राष्ट्रध्वजही तयार होतो. तिथली जाड, मातकट रंगाची सुती खादी अडीच मीटर मागवली. आधी धुऊन आटवली, मग चाचांकडे दिली. गादीच्या थरांमध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पिशव्यांत भरून ठेवला आहे. जीव झाल्यावर मारायची वेळ येण्यापेक्षा तो होऊच नये हे बरं.

राहिला जुन्या कापडावरचा तो तेलाचा डाग. यावरून मात्र घरात डोळे ओले झाले. माझे मिस्टर म्हणाले, बाबांचं डोकं टेकायचं ते कापड आपण ठेवू, कपाटात घडी करून. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. वडिलांचं म्हणून दुसरं फार काही उरलेलं नाही.

आईंनी ते कापड हातात घेतलं, नाकाशी नेलं. मग मिस्टरांना म्हणाल्या, "अरे, हे ठेवलंस तर माझ्या वहीत कुठं लिहू?"

दशलक्षणात आपण दरवर्षी तत्त्वार्थसूत्र वाचतो. सातव्या अध्यायात परिग्रह कशाला म्हणायचं ते सांगताना आचार्य उमास्वामी वस्तूंची नावं घेत नाहीत, ममत्वाकडे बोट दाखवतात. मी ते किती वेळा ऐकलं आहे. पण नवऱ्याचं डोकं जिथे टेकत होतं ते कापड सोडून देणारी बाई समोर बसल्यावर ते सूत्र वेगळं कळतं.

आईंनी स्वतः ते कापड रिठ्याच्या पाण्यात दोन दिवस भिजवलं, धुतलं, वाळवलं. डाग पुष्कळ गेला. मग कडा दुमडून त्याचे दोन फडके शिवले. त्याच फडक्यांनी आता खुर्ची रोज पुसली जाते. वस्तू कामाला लागली, वहीत लिहायची गरज राहिली नाही. मिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी काही न बोलता त्यातला एक घेऊन खुर्ची पुसत होते.

खर्चाचा आणि हिंसेचा हिशोब

चाचांची आणि सुतारमामांची मजुरी, कापूस, खादी, तेल, काचपेपर, सगळं मिळून नव्या मऊ खुर्चीच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. पैशाचा हिशोब मी दुसरा मानते. नव्या खुर्चीसाठी लाकूड तुटतं, फोम कारखान्यात बनतो, पॉलिश होतं, ट्रक जिंतूरपर्यंत येतो. त्यातलं काही आपल्या डोळ्यांसमोर होत नाही म्हणून आपल्याला ते लागत नाही, असं थोडंच आहे? जी वस्तू घरात आहे तिचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. तिला जपून आणखी तीस वर्षं चालवली, तर तेवढी वर्षं नवीन हिंसा आपल्या नावावर चढत नाही. आपल्या सासवा-आजेसासवा भांड्याला कल्हई लावायच्या, गादी पिंजून घ्यायच्या, धोतराची दुपटी शिवायच्या. त्याला आपण काटकसर म्हणत आलो. मला वाटतं त्यात व्रतही होतं. फक्त त्या तसं बोलून दाखवत नव्हत्या.

तुमच्या घरी असं जुनं काही असेल, तर चातुर्मासाआधी किंवा दिवाळीनंतर एकदा उलटं करून बघा. स्पिरिटचा कापूस, ज्योतीवर एक धागा आणि खाली गडद कागद, या तीन गोष्टींनी बरंच कळतं. आत काय सापडेल याची भीती धरू नका. सापडलं तर काढता येतं, आणि जे निघण्यासारखं नसेल त्यात नवी भर न घालणं आपल्या हातात आहे.